इंग्रजीत ‘ला’ कुठं बसतो? दोन नामं मागणाऱ्या क्रियापदांची वाट

खानापूरहून बेळगावला येणाऱ्या लाल बसमध्ये कंडक्टर जवळ आला की आपल्या भागातला माणूस त्याचा चेहरा बघून भाषा ठरवतो. ‘मला दोन द्या’, नाहीतर ‘ननगे येरडु कोड्री’. गर्दीत एका पायावर उभं राहून शब्द मागंपुढं झाले तरी बिघडत नाही. ‘दोन द्या मला’, ‘द्या की मला दोन’, काहीही म्हणा, तिकिटं दोनच निघतात आणि तुमच्याच हातात पडतात. ‘मला’तला ‘ला’ आणि ‘ननगे’तला ‘गे’ शब्दाला चिकटलेलेच असतात. शब्द बसच्या दारात लोंबकळो की मागच्या सीटवर बसो, त्याचं तिकीट त्याच्या खिशात असतं.

इंग्रजीतल्या नामाच्या खिशात तिकीट नसतं. तिथं कोण कोणत्या सीटवर बसलाय यावरून ओळख पटते. सीट बदलली की माणूसच बदलला.

मी बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी इंग्रजीचा क्लास घेते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आणि मशीनशॉपमध्ये कामाला असलेली मुलं येतात, पीयूसी (म्हणजे बारावी) झालेल्या मुली येतात, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून एकदोन आयाही येतात. बहुतेक सगळे मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेले. काळ पाठ असतात, स्पेलिंगही बरं असतं. गाडी अडते ती ‘गिव्ह’, ‘एक्सप्लेन’, ‘मेक’, ‘कॉल’ अशा रोजच्या क्रियापदांवर, म्हणजे जिथं क्रियापदाच्या मागोमाग एक नाही, दोन नामं येऊन बसतात तिथं. ही वाट ज्यांना नवी आहे त्यांच्यासाठी हा लेख.

आधी लिहिण्यातली एक सोय सांगते. खाली सगळं इंग्रजी देवनागरीत आहे. आकडा असला तर ‘टू’ दीर्घ आणि ‘कडे’ अशा अर्थाचा शब्द असला तर ‘टु’ ऱ्हस्व. ‘फोर’ म्हणजे चार, ‘फॉर’ म्हणजे साठी. एवढं लक्षात ठेवून पुढं चला, नाहीतर ‘टू टिकेट्स टु मी’ वाचताना जीभ अडखळेल.

पायरी पहिली: पेन्सिल घ्या, चौकटी करा

क्रियापद शोधा. त्याच्या पुढं जे जे नाम आहे त्याला त्याच्या लव्याजम्यासकट चौकट करा. लव्याजमा म्हणजे ‘द’, ‘अ’, ‘माय’, ‘ओल्ड’, ‘फ्रॉम नंदगड’ वगैरे. एका नामाभोवती गोळा झालेली ही सगळी मंडळी मिळून एक नामगट होतो.

‘माय अंकल सोल्ड द टीचर फ्रॉम नंदगड हिज ओल्ड स्कूटर.’

यात ‘सोल्ड’च्या पुढं किती चौकटी? नवी मुलं तीन करतात: टीचर, नंदगड, स्कूटर. पण नंदगड वेगळं विकलं गेलेलं नाही. ‘द टीचर फ्रॉम नंदगड’ हा सगळा एकच गट. खात्री करायची तर गटाच्या जागी एक सर्वनाम घालून बघा. ‘माय अंकल सोल्ड हिम हिज ओल्ड स्कूटर.’ वाक्य तरलं, म्हणजे तो गट एकच होता. चौकटी दोनच.

एक चकवाही असतो. ‘आय मेट हिम लास्ट संडे’ यात ‘हिम’ आणि ‘लास्ट संडे’ अशा दोन चौकटी दिसतात. पण ‘लास्ट संडे’ला मी भेटले नाही, मी भेटले त्याला. केव्हा, किती वेळ, किती लांब अशा प्रश्नाचं उत्तर देणारा गट क्रियापदाचा पाहुणा नसतो, तो नुसता रस्त्यात भेटलेला. त्याची चौकट खोडा.

दोन चौकटी उरल्या तरच पुढं या.

पायरी दुसरी: कुंदा की टीचर?

लेखातली महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथं जरा बसू.

माझी मावशी दिवाळीला घरी कुंदा करते. दूध आटवत ठेवायचं, ढवळत राहायचं, साखर घालायची आणि तांबूस रंग येईपर्यंत कढई सोडायची नाही. हात भरून येतो. माझं शिक्षणही तिनंच केलं. म्हणून तिच्याबद्दल मी दोन वाक्यं लिहू शकते:

‘माय आंट मेड मी कुंदा.’
‘माय आंट मेड मी अ टीचर.’

दोन्हीकडं ‘मेड मी’, पुढं एक नाम. बाहेरून अगदी जुळ्या बहिणी. आता दोन चौकटींच्या मध्ये ‘म्हणजेच’ घालून बघा. मी म्हणजेच टीचर? हो, आहे. मी म्हणजेच कुंदा? नाही बाई. मला कुंदा मिळाला, मी कुंदा झाले नाही.

दोन चौकटी एकाच माणसाच्या किंवा वस्तूच्या निघाल्या तर ती एक जात, आणि एकाला दुसरं मिळालं असेल तर ती दुसरी. पहिलीला आपण ‘टीचर जात’ म्हणू, दुसरीला ‘कुंदा जात’. व्याकरणाच्या पुस्तकात यांची भारदस्त नावं आहेत. कुंदा जातीत पहिलं नाम अप्रत्यक्ष कर्म आणि दुसरं प्रत्यक्ष कर्म. टीचर जातीत पहिलं कर्म आणि दुसरं कर्माचं पूरक. परीक्षेत ती नावं लिहा, बोलताना कुंदा आठवा.

मराठी माणूस इथंच का घसरतो? आपला ‘ला’ दोन्ही घरी जेवतो. ‘मावशीनं मला कुंदा दिला’, ‘मावशीनं मला टीचर केलं’. दोन्हीकडं ‘मला’. त्यामुळं दोन जाती वेगळ्या आहेत हे मराठीच्या कानाला जाणवतच नाही. सीमाभागात वाढलेल्यांचा इथं एक फायदा आहे आणि तो मी वर्गात पुरेपूर घेते. शाळेत शिकलेलं पुस्तकी कन्नड आठवा. त्याला पेढा दिला तर ‘अवनिगे’. त्याला अध्यक्ष केलं तर ‘अवनन्नु अध्यक्षनन्नागि माडिदरु’. एकीकडं ‘गे’, दुसरीकडं ‘न्नु’. मराठीनं जे एका ‘ला’त गुंडाळलं ते कन्नडनं दोन पिशव्यांत ठेवलंय. वाक्य मनातल्या मनात कन्नडमध्ये करा. ‘गे’ आला तर कुंदा जात, ‘न्नु’ आला तर टीचर जात. रस्त्यावरच्या बोलीत हा भेद पुसट होतो, म्हणून पुस्तकी कन्नड म्हटलं. आठवीत कन्नडच्या तासाला कंटाळलेली मुलंसुद्धा हे ऐकून ताठ बसतात.

काही वाक्यं दोन्ही जातींत बसतात. ‘द प्रिन्सिपल फाउंड हिम अ गुड टीचर.’ प्रिन्सिपलनी त्याच्यासाठी चांगला शिक्षक शोधून दिला, की तोच चांगला शिक्षक आहे असं त्यांना आढळलं? वाक्य सांगत नाही, आजूबाजूचा मजकूर सांगतो. ‘कॉल मी अ टॅक्सी’ यावरचा जुना विनोदही असाच: ‘बरं, आजपासून तू टॅक्सी.’

माझीही या पायरीवर एकदा फजिती झाली आहे. नोकरी शोधत होते तेव्हा पुण्याच्या एका ऑफिसला पत्र पाठवलं. मनात होतं, ‘कृपया मला मुलाखतीला बोलवा.’ दोन ‘ला’. मी दोन्ही काढून टाकले आणि दोन नामं शेजारी बसवली: ‘प्लीज कॉल मी ॲन इंटरव्ह्यू.’ म्हणजे ‘कृपया मला मुलाखत असं म्हणा.’ बोलावलं त्यांनी, पण समोरच्या बाईंनी पत्र पुढं सरकवून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हसू दाबलं. हवं होतं ‘कॉल मी फॉर ॲन इंटरव्ह्यू’. मराठीतला प्रत्येक ‘ला’ इंग्रजीत गडप होत नाही, हे मला त्या बोटाकडं बघताना कळलं.

पायरी तिसरी: कुंदा जातीतली बसण्याची जागा

नियम एका ओळीचा आहे. मध्ये ‘टु’ नसेल तर माणूस आधी, वस्तू नंतर. ‘टु’ घातला तर वस्तू आधी, माणूस नंतर.

‘आय गेव्ह सुनील द बुक.’
‘आय गेव्ह द बुक टु सुनील.’

ही दोन्ही बरोबर. आपल्याकडं ऐकू येणारी दोन चुकीची रूपं अशी: ‘आय गेव्ह द बुक सुनील’ आणि ‘आय गेव्ह टु सुनील द बुक’. पहिल्यात सीट चुकली. दुसऱ्यात ‘सुनीलला’चं शब्दाला शब्द भाषांतर झालं. ‘ला’ला ‘टु’ म्हटलं आणि तो उचलून मराठीच्या जागी ठेवला.

सर्वनामांत मात्र ‘ला’ची थोडी खूण उरली आहे. ‘आय’चं ‘मी’, ‘ही’चं ‘हिम’, ‘शी’चं ‘हर’, ‘वी’चं ‘अस’, ‘दे’चं ‘देम’. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि त्यांचं काम शब्दक्रमानं आणि ‘टु’सारख्या शब्दांनी उचललं. ‘हिम’ हे जुन्या काळातलं ‘त्याला’चंच रूप आहे, ते तेवढं टिकलं. गंमत अशी की ‘मला’ला इंग्रजीत ‘मी’ म्हणतात आणि आपल्याकडं ‘मी’ म्हणजे ‘आय’. ‘गिव्ह मी’ हे देवनागरीत वाचलं की पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग गोंधळतो. इंग्रजी ‘मी’ ऐकू आला की त्याच्यामागं मनात एक ‘ला’ लावून टाका.

दोन रूपांपैकी कुठलं वापरायचं? बऱ्याचदा दोन्ही चालतात. पण लांबलचक गट शेवटी टाकावा. ‘गिव्ह द फॉर्म टु द गर्ल हू केम फ्रॉम निपाणी विथ हर ग्रँडफादर’ हे ठीक. तीच सगळी निपाणीची वरात मध्ये घालून शेवटी ‘द फॉर्म’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला फॉर्म येईपर्यंत धाप लागते. आणि वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ असेल तर ‘टु’वालं रूपच घ्या: ‘गिव्ह इट टु मी’.

आता ‘टु’ की ‘फॉर’. वस्तू तयार आहे आणि नुसती एका हातातून दुसऱ्या हातात जायची आहे, तर ‘टु’: गिव्ह, सेंड, शो, टेल, टीच, लेंड, पे, सेल, हँड, ऑफर, प्रॉमिस. वस्तू आधी करावी, आणावी, विकत घ्यावी किंवा राखून ठेवावी लागते, तर ‘फॉर’: बाय, मेक, कुक, गेट, फाइंड, ऑर्डर, सेव्ह. एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून मैत्रिणीसाठी सीट धरणं याला इंग्रजीत सुटसुटीत वाक्य आहे: ‘आय सेव्ह्ड हर अ सीट’, किंवा ‘आय सेव्ह्ड अ सीट फॉर हर’. ‘ब्रिंग’ दोन्हीकडं चालतं.

‘फॉर’ असलेलं प्रत्येक वाक्य मात्र आखडून दोन नामांचं होत नाही. ‘ओपन द डोअर फॉर मी’ बरोबर, ‘ओपन मी द डोअर’ चूक. दार उघडलं म्हणून ते माझ्या मालकीचं झालं नाही. पहिल्या सीटवर बसायला त्या माणसाच्या पदरात काहीतरी पडावं लागतं.

याच कारणानं गावाची नावं फसवतात. मराठीत ‘आईला पार्सल पाठवलं’ आणि ‘पुण्याला पार्सल पाठवलं’, दोन्हीकडं तोच ‘ला’. इंग्रजीत ‘आय सेंट मदर अ पार्सल’ चालतं, ‘आय सेंट पुणे अ पार्सल’ चालत नाही. पुणे हात पुढं करून पार्सल घेत नाही. तिथं ‘आय सेंट अ पार्सल टु पुणे’ असंच. ‘पुणे’ म्हणजे तुमच्या कंपनीचं पुण्यातलं ऑफिस असं मनात असेल तर मात्र पहिलं रूपही ऐकू येतं, कारण ऑफिसात सही करून घेणारा कुणीतरी असतो.

आणि थोडी क्रियापदं अशी की त्यांना दोन नामांचीच सवय, ‘टु’ लावायला गेलं की रुसतात. कॉस्ट, फाइन, चार्ज, बेट ही त्यातली. ‘द सँडल्स कॉस्ट मी थ्री हंड्रेड रुपीज.’ ‘दे फाइन्ड हिम फाइव्ह हंड्रेड रुपीज.’ ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. माझ्या वर्गातल्या मुलींचं आवडतं वाक्य म्हणून हेच: ‘द टिकेट कॉस्ट मी नथिंग.’ भूतकाळातही ‘कॉस्ट’च राहतं, ‘कॉस्टेड’ नको.

पायरी चौथी: ‘एक्सप्लेन मी’ ही गल्ली बंद आहे

सगळ्यात जास्त लाल शाई माझ्याकडून इथं सांडते. ‘सर, प्लीज एक्सप्लेन मी द प्रोसेस.’ ‘सजेस्ट मी अ गुड कॉलेज.’ ‘शी सेड मी द ट्रुथ.’ आपल्याकडं ‘मला समजावून सांगा’, ‘मला सुचवा’ म्हणतात, आणि ‘टेल मी’ चालतं तर ‘एक्सप्लेन मी’ का चालू नये, असा सरळ हिशेब. नाही चालत. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, मेन्शन, अनाउन्स, रिपोर्ट, डोनेट, से या सगळ्यांना वस्तू आधी आणि मग ‘टु’ घालून माणूस: ‘एक्सप्लेन द प्रोसेस टु मी’.

यादी पाठ करायला नको म्हणून एक अंदाज देते. ११ व्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन घराण्यातले शब्द इंग्रजीत ढिगानं आले. घरचे जुने शब्द बहुतेक आखूड, एका दमात उच्चारायचे: गिव्ह, सेंड, टेल, शो, लेंड. ते दोन नामं शेजारी बसवून घेतात. बाहेरून आलेले लांब शब्द, ज्यांचा जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या दुसऱ्या तुकड्यावर, पडतो (एक्स-प्लेन, स-जेस्ट, डिस्-क्राइब), ते सहसा घेत नाहीत. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ लॅटिनच्या घरचे, पण त्यांचा जोर पहिल्या अवयवावर पडतो आणि ते घरच्यांसारखे वागतात. अंदाज तो अंदाजच. ‘से’ अस्सल घरचा आणि आखूड असून दोन नामं घेत नाही, आणि ‘असाइन’ बाहेरचा असून ‘असाइन मी सम वर्क’ चालवून घेतो. शंका आली की शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात बघा. क्रियापदाच्या खाली समबडी आणि समथिंग या शब्दांची आखूड रूपं छापलेली असतात. ती दोन्ही लागोपाठ दिसली तर रस्ता मोकळा, मध्ये ‘टु’ दिसला तर तो घालायचा.

याच बंद गल्लीत आणखी एक कुटुंब राहतं, त्यांना माणूस आधी लागतो पण वस्तूच्या मागं एक छोटा शब्दही लागतो. ‘प्रोव्हाइड चिल्ड्रन विथ बुक्स’, ‘इन्फॉर्म मी ऑफ द डेट’, ‘रिमाइंड हिम ऑफ द मीटिंग’, ‘थँक हर फॉर द हेल्प’. सरकारी अर्जात ‘काइंडली प्रोव्हाइड मी द सर्टिफिकेट’ इतकं रुळलंय की त्यावर भांडण्यात अर्थ नाही, काही देशांत तसं बोलतातही. परीक्षेत मात्र ‘विथ’ घाला.

पायरी पाचवी: ‘मला सीट दिली गेली’

मराठीत वाक्य कर्मणी केलं तरी ‘मला’चं ‘मी’ होत नाही. ‘मी सीट दिला गेलो’ म्हटलं तर लोक पाणी आणून देतील. इंग्रजीत हेच रोजचं आहे. पहिल्या सीटवरचा माणूस उठून थेट कर्त्याच्या खुर्चीत बसतो: ‘आय वॉज गिव्हन अ सीट’, ‘शी वॉज ऑफर्ड द जॉब’, ‘वी वेअर टोल्ड द टाइम’. आपली मुलं इथं ‘टु मी वॉज गिव्हन’ लिहितात, कारण ‘मला’ सोडवत नाही. सोडा.

पण हे त्यांनाच जमतं जे चौथ्या पायरीवर अडले नव्हते. ‘आय वॉज एक्सप्लेन्ड द प्रोसेस’ चूक, ‘द प्रोसेस वॉज एक्सप्लेन्ड टु मी’ बरोबर. ‘फॉर’च्या क्रियापदांतही वस्तूलाच कर्ता करणं बरं: ‘अ सारी वॉज बॉट फॉर मी’.

पायरी सहावी: टीचर जात, आणि ‘ॲज’चा मोह

इथं जागेचा प्रश्न नसतो, कारण पर्यायच नाही. ज्याला केलं किंवा म्हटलं तो आधी, जे केलं किंवा म्हटलं ते नंतर. ‘टु’ लागत नाही, उलटापालट होत नाही. मेक, कॉल, नेम, इलेक्ट, अपॉइंट, डिक्लेअर, कन्सिडर ही नेहमीची मंडळी.

‘इन २०१४ द गव्हर्नमेंट रीनेम्ड बेलगाम बेळगावी.’

१ नोव्हेंबर २०१४ ला हे झालं. घरात आणि पाटीवर कुठलं नाव ठेवायचं हा वाद इथल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर अजून चालतो, व्याकरणाला त्यात पडायचं कारण नाही. पण वाक्यात ‘बेलगाम’ आणि ‘बेळगावी’ एकच शहर आहे, म्हणजे टीचर जात, म्हणजे मध्ये काहीही नको. ‘रीनेम्ड ॲज’ आणि ‘रीनेम्ड टु’ दोन्ही मी वहीतून खोडते. ‘टु’ हवाच असेल तर क्रियापद बदला: ‘चेंज्ड द नेम टु बेळगावी’.

‘ॲज’चा मोह आपल्या ‘म्हणून’मुळं होतो. ‘याला कुंदा म्हणून ओळखतात.’ ओळखणं असेल तर ‘ॲज’ बरोबर: ‘इट इज नोन ॲज कुंदा’. म्हणणं असेल तर नाही: ‘इट इज कॉल्ड कुंदा’. ‘कॉल्ड ॲज’ ही आपल्या देशाची लाडकी चूक, मोठमोठ्या फलकांवर दिसते. रिगार्ड, डिस्क्राइब, ट्रीट यांना ‘ॲज’ हवाच. ‘अपॉइंट’ला आणि ‘इलेक्ट’ला घातला तर चालतो, नाही घातला तर वाक्य जास्त सुटसुटीत.

आता एक बारकी गोष्ट, जिच्यासाठी मी मुलांना टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीची आठवण करून देते. डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष होते. आयुष्यात ते पद त्यांनी तेवढं एकदाच घेतलं. इंग्रजीत लिहायचं: ‘द काँग्रेस इलेक्टेड गांधी प्रेसिडेंट.’ ‘प्रेसिडेंट’च्या आधी ‘अ’ नाही, ‘द’ही नाही. एका वेळी एकालाच मिळणारं पद असलं की तिथं काही लावत नाहीत: ‘दे अपॉइंटेड हर हेडमिस्ट्रेस’, ‘वी मेड हिम कॅप्टन’. पण टीचर पुष्कळ असतात, क्लार्क पुष्कळ असतात, म्हणून ‘मेड मी अ टीचर’, ‘मेड हिम अ क्लार्क’. पद एकच की अनेकांचं, एवढं विचारा.

कर्मणीतही इथं एकच दरवाजा आहे. ‘गांधी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट’ होतं. ‘प्रेसिडेंट वॉज इलेक्टेड गांधी’ असं उलट होत नाही. कुंदा जातीत दोन दरवाजे होते, ‘आय वॉज गिव्हन अ सीट’ आणि ‘अ सीट वॉज गिव्हन टु मी’. दुसऱ्या पायरीवर अजून घोळ होत असेल तर ही खूणही वापरून बघा.

आज रात्रीचा अभ्यास

खालची पाच वाक्यं इंग्रजीत करा. आधी तोंडी, मग वहीत.

‘आजीनं आम्हाला मांडे केले.’ ‘कंडक्टरनं मला उरलेले पैसे दिले नाहीत.’ ‘मॅडमनी आम्हाला कविता समजावून सांगितली.’ ‘त्यांनी यल्लूरच्या मुलीला मॉनिटर केलं.’ ‘मी कोल्हापूरला पैसे पाठवले.’

पहिलं कुंदा जातीचं, ‘फॉर’चं: ‘ग्रँडमदर मेड अस मांडे’. मांड्यांचं भाषांतर करू नका, मांडे मांडेच राहू द्या. दुसरं: ‘द कंडक्टर डिड नॉट गिव्ह मी द चेंज’. तिसऱ्यात गल्ली बंद आहे: ‘मॅडम एक्सप्लेन्ड द पोएम टु अस’. चौथं टीचर जातीचं: ‘दे मेड द गर्ल फ्रॉम यल्लूर मॉनिटर’. वर्गात मॉनिटर एकच असेल तर ‘अ’ नको, आणि तुमच्या वर्गात मुलींचा एक नि मुलांचा एक असे दोन असतील तर ‘अ मॉनिटर’ लिहिलंत तरी मी खोडणार नाही. पाचव्यात कोल्हापूर हात पुढं करत नाही, म्हणून ‘आय सेंट मनी टु कोल्हापूर’. आणि मनात ‘कोल्हापूरच्या बहिणीला’ असं असेल तर तसं स्पष्ट लिहून ‘आय सेंट माय सिस्टर इन कोल्हापूर सम मनी’ करा आणि चौकटी मोजा. दोनच निघायला हव्यात.